गोदावरीचे दोन काठ



पुणतांब्याहून गोदावरी ओलांडली की वैजापूर तालुका लागतो. जमीन सारखीच काळी, बोलीही फारशी वेगळी नाही. पण १९४८ पर्यंत अलीकडे मुंबई इलाखा होता आणि पलीकडे निजामाचे राज्य.

अलीकडे, तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, दारणा आणि भंडारदरा धरणांचे पाणी कालव्यांनी शिवारात आले. पाण्यामागून ऊस आला. १९०४ च्या सहकारी कायद्यानंतर गावोगाव पतपेढ्या निघाल्या आणि शेतकऱ्याला वहीखात्याची, सभेत उठून हिशेब विचारण्याची सवय लागली. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावात आधी पतपेढी चालवली होती. साखर कारखाना काढायचा ठरल्यावर ते शेअर्स गोळा करायला गावोगाव हिंडले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या सहकारी कारखान्याने पहिले गाळप केले.

हीच कल्पना तेव्हा नदीपलीकडे, मराठवाड्यात, का रुजली नाही?

पलीकडचा शेतकरी कमी कष्टाळू होता, असे कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे. तिथे जहागिरींचा अंमल होता, वरचे शिक्षण उर्दूतून होते, पतपेढ्यांचे जाळे विरळ होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. मराठवाड्याला विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. पैठणचे जायकवाडी धरण पुरे व्हायला १९७६ उजाडले. पुढे मराठवाड्यातही साखर कारखाने निघाले, पण तोवर नगरच्या शेतकऱ्यापाशी अनुभवाची एक पिढी जमा झाली होती.

मागे राहिलेला भाग कायम मागेच राहतो, असे मात्र नाही. १९८० च्या दशकात औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना आला. त्याला सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने आसपास उभे राहिले, स्थानिक मुले लेथवर हात बसवू लागली. पुढे मराठवाडा ऑटो क्लस्टर झाले आणि एकट्या लहान उद्योजकाला परवडणार नाहीत अशी चाचणीची यंत्रे तिथे सामायिक वापरता येऊ लागली.

१९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातली तूट, रुपयांत मोजला. ते काम मोलाचेच होते. पण वेळेवर मिळणारे कर्ज, गावाजवळची कार्यशाळा, मातृभाषेत शिकवणारा तंत्रज्ञ यांचा अनुशेषही मोजायला हवा. आपल्या तालुक्यात यांतले काय आहे आणि काय नाही, हे पुढच्या ग्रामसभेत जरूर विचारा.