अंगणातला थोरला

बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मी ती बी.ए.ला असताना वाचली. धाकटा मुलगा बाप हयात असताना वाटणी मागतो, परमुलखात सगळे उडवतो आणि डुकरे राखायची पाळी आल्यावर घराची वाट धरतो. काय बोलायचे ते त्याने ठरवलेले असते : मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला चाकरीला ठेवा. पण बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. चाकरीचे वाक्य पोराच्या तोंडातच राहते.

ख्रिस्ती मंडळी जिला कृपा म्हणतात, ती ही. पोराचे शब्द ऐकण्याआधीच बाप निघालेला असतो. मी मुसलमान. आमच्याकडे कामाचा आरंभच रहमान आणि रहीम या नावांनी होतो, त्यामुळे हे मला परके वाटले नाही. अडलो ते थोरल्या मुलापाशी. तो शेतावरून येतो, घरातले गाणेबजावणे ऐकतो आणि आत जायला नकार देतो. आयुष्यभर राबलो मी, आणि मेजवानी त्याला! खरे सांगतो, मला त्याचेच पटले होते.

पुढे एक हकिगत वाचनात आली. मूळच्या केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात गरीब आदिवासी शेतमजुरांमध्ये काम करत. त्यांना सावकारी पाशातून सोडवण्याची धडपड काहींना खुपली. 25 फेब्रुवारी 1995 रोजी, इंदूरकडे जाणाऱ्या बसच्या प्रवासात, समंदरसिंह नावाच्या तरुणाने त्यांना सुऱ्याने भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात त्याच्या मनात ज्यांनी चिथावले त्यांच्याविषयी सूड धुमसत होता. स्वामी सदानंद नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला भेटत राहिले.

2002 साली, राखीच्या दिवसांत, राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. मधे सात वर्षे गेली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. क्षमा म्हणजे काही बटण दाबून लागणारा दिवा नव्हे. आणि राखी बांधली म्हणून शिक्षा पुसली गेली असेही नाही. तो अकरा वर्षे आत होता. 2006 मध्ये सुटला, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्या घरच्यांनीही शब्द टाकला होता.

2007 मध्ये तो केरळात त्यांच्या घरी गेला. त्या उंबरठ्यावर पाऊल टाकताना त्याला काय वाटले असेल? राग धरून बसणाऱ्याला निदान आपण खरे असल्याचा आधार असतो. लाजेने मेलेल्याला कसलाच नसतो. त्याला समोरच्याची माया घेणेसुद्धा जड जाते. राणी मारियांच्या वृद्ध आईने त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचे चुंबन घेतले. तेच हात. त्यांना आपल्या लेकीचे रक्त लागले होते, म्हणून. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला कॅथलिक चर्चने राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केले, तेव्हा समंदरसिंहही तिथे हजर होता.

हे वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसलो. मीही घरातला थोरला. वडिलांच्या आजारपणात धाकट्याने कुणाला न विचारता घरावर कर्ज काढले. आठ वर्षे आमचे बोलणे नाही. मागच्या ईदला तो दारापर्यंत आला होता. मी आतल्या खोलीत तसबीह घेऊन बसून राहिलो, जप काही झाला नाही. बायकोने त्याला शीरखुर्मा दिला. “भाई घरात आहे का?” असे त्याने विचारलेले मला ऐकू आले.

बायबलमधला बाप थोरल्यासाठीही बाहेर येतो, त्याची मनधरणी करतो. थोरला आत गेला की नाही, ते लूकने लिहिलेले नाही. गोष्ट अंगणातच थांबते.

धाकटा सकाळी दाढी करताना रेडिओ लावतो, निदान पूर्वी लावायचा. आज लावला असेल, तर त्याला कळेल की त्या दिवशी मी घरातच होतो.