एक मोबाईल, चाळीस कार्डं आणि सगळ्या वर्गाचं उत्तर

(नाशिक रोड परिसरात संध्याकाळच्या अभ्यासिका चालवणाऱ्या युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिला आहे 'वर्गात मूल्यमापनासाठी डिजिटल साधनांचा वापर'. नाव जड आहे. सोप्या भाषेत प्रश्न एवढाच आहे : आपण शिकवलेलं मुलांना कळलं की नाही, हे आपल्याला कधी आणि कसं समजतं? मी गणित शिकवते. दिवसा शाळेत मराठी माध्यमाला, आणि संध्याकाळी अभ्यासिकेत मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांच्या मुलांना. त्यामुळे जे बोलेन ते फळ्यापाशी उभं राहून बघितलेलं आहे.

आपल्या गावात नोटा छापतात. तुमच्यापैकी कुणाचे तरी अब्बू किंवा चाचा प्रेसमध्ये असतील. तिथे छापलेला कागद तपासतात, खराब निघाला तर बाजूला काढतात. आपल्याकडे मुलांची परीक्षाही बरेच जण याच नजरेनं बघतात. चांगला माल, खराब माल. सहामाहीचा निकाल लागला, पोरगं गणितात नापास, की घरात ठरतं, "याचं डोकं चालत नाही, गॅरेजला लावू या." पोरीच्या बाबतीत ठरतं, "दहावी झाली की बस." म्हणजे उशिरा आलेल्या एका आकड्यावर आयुष्याचा फैसला होतो. तो आकडा मुलाचं कुठे अडलं हे सांगतच नाही.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापनाची गोष्ट आहे. महाराष्ट्रानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासन निर्णय काढून ती पद्धत आणली. आकारिक मूल्यमापन आणि संकलित मूल्यमापन हे शब्द तेव्हापासून घरोघरी प्रगतिपुस्तकावर दिसतात. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी. आकारिक म्हणजे शिकवणं चालू असतानाच, चूक दुरुस्त करायला वेळ असताना. कागदावर दोन्ही झालं. वर्गात मात्र आकारिक मूल्यमापन कित्येकदा "समजलं का?" या एका प्रश्नावर संपतं. सगळी मुलं म्हणतात, "हो टीचर." पुढच्या बाकावरची तीन-चार मुलं हात वर करतात, उत्तर बरोबर येतं, आपण पुढे जातो. मागच्या बाकावर काय चाललं आहे, ते आपल्याला सहामाहीत कळतं.

आपल्या आजोबांच्या काळातल्या मास्तरांकडे यावर उपाय होता : पाटी. प्रश्न सांगायचा, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं, "पाट्या वर!" म्हटलं की सगळ्या वर्गाचं उत्तर एका नजरेत. डिजिटल साधन म्हणजे तीच पाटी. फक्त दोन गोष्टी जास्त मिळतात. शेजारचा बघून लिहू शकत नाही, आणि कुणी काय उत्तर दिलं याची नोंद राहते.

आता साधनाकडे येते. 'प्लिकर्स' नावाचं ॲप आहे. त्याची कार्डं साध्या कागदावर प्रिंट करता येतात. नेहमीचा संच चाळीस कार्डांचा असतो. प्रत्येक कार्डावर क्यूआर कोडसारखी काळी-पांढरी आकृती असते आणि ती प्रत्येक मुलासाठी वेगळी असते. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं बारीक छापलेली असतात. मुलानं आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षक मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणाचं उत्तर काय, ते स्क्रीनवर येतं. मुलांकडे काहीही लागत नाही. चाळीस मुलांमागे एक मोबाईल पुरतो.

ही एकच गोष्ट आपल्या वस्त्यांसाठी का महत्त्वाची आहे, ते सांगते. लॉकडाऊनच्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं 'स्वाध्याय' उपक्रम सुरू केला. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्न यायचे, मूल घरून सोडवायचं. त्या दिवसांत ही कल्पना चांगलीच होती. पण घरात फोन एक, तो अब्बूंबरोबर रिक्षावर किंवा भाजीच्या गाडीवर. रात्री घरी आला की आधी भावाच्या हातात. २०२३ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाची पाहणी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. नाशिक रोड काही खेडं नाही, पण देवळाली गावात, जेल रोडला, सिन्नर फाट्याला राहणाऱ्या मुलींना विचारा, चित्र फार वेगळं निघणार नाही. मूल्यमापन मुलाच्या फोनवर टाकलं, की ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच मुली बाहेर राहतात. म्हणून माझा पहिला नियम : फोन शिक्षकाचा, मुलाच्या हातात कागद.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हाला माहीत आहेत. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या त्यांच्या कामाची जगानं दखल घेतली. क्यूआर कोडमुळे धडा, चित्रफीत, कविता मुलापर्यंत जाते. मूल्यमापनात वाट उलटी असते. मुलाच्या डोक्यातलं आपल्यापर्यंत यायला हवं.

पण ॲप आलं म्हणजे काम झालं, असं नाही. खरी मेहनत प्रश्नात आहे. एक उदाहरण देते. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती? चार पर्याय : सात बारांश, दोन सप्तमांश, एक सप्तमांश, दोन बारांश. बरोबर उत्तर सात बारांश. पण मला जास्त उपयोग चुकीच्या पर्यायांचा होतो. दोन सप्तमांश म्हणणाऱ्या मुलानं अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. दोन बारांश म्हणणाऱ्याला समान छेद काढता येतो, पण अंश बदलायला तो विसरला. दोघांनाही शून्य गुण मिळतील, पण दोघांचं दुखणं वेगळं आहे आणि औषधही वेगळं. तसंच ०.५ मोठं की ०.२५? भरपूर मुलं म्हणतात ०.२५, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. हा मठ्ठपणा नाही, पूर्णांकांचा नियम चुकीच्या जागी लावला आहे. हे कळलं की पन्नास पैसे आणि पंचवीस पैसे यांचं उदाहरण घेऊन दहा मिनिटांत सुटतं. कळलं नाही, तर दहावीपर्यंत सोबत येतं.

म्हणून प्रश्न बनवताना स्वतःला विचारा : हा पर्याय निवडणारं मूल काय विचार करत असेल? उत्तर सुचलं नाही, तर तो पर्याय काढून टाका.

मोठ्या मुलांसाठी गूगल फॉर्म्स आहे. त्यात प्रश्नमंजूषा करता येते, उत्तरसूची भरली की तपासणी आपोआप होते आणि कोणते प्रश्न जास्त मुलांचे चुकले तेही दिसतं. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मी ते आठवड्यातून एकदा, अभ्यासिकेतल्या संगणकावर, आळीपाळीनं करून घेते. कारण सरळ आहे. जेईई मेन आणि आपली एमएचटी-सीईटी संगणकावर होते. वर्षभर वहीत गणितं सोडवलेल्या मुलीनं माऊस पहिल्यांदा परीक्षा केंद्रात हातात धरावा, हे बरोबर नाही. तिथे गणित चुकत नाही, हात अडखळतो. आणि गुण मात्र गणिताचेच जातात.

उर्दू माध्यमाच्या मुलांबाबत एक बारीक गोष्ट. पाठ्यपुस्तकातली उर्दू नस्तालीकमध्ये असते. बऱ्याच मोबाईलवर आणि संगणकावर ती नस्खमध्ये दिसते. मोठ्यांना फरक पडत नाही, लहान मूल मात्र अडखळतं. चौथी-पाचवीच्या मुलाचं उत्तर चुकलं, तर त्याला गणित आलं नाही की प्रश्न वाचता आला नाही, हे आधी तपासा. मी अशा वेळी प्रश्न हातानं लिहून त्याचा फोटो टाकते किंवा सरळ फळ्यावर लिहिते. कार्डं तीच राहतात.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी, आणि यात मी कडक आहे.

पहिली, नावं. काही खेळांमध्ये पहिला कोण, शेवटचा कोण, हे पडद्यावर झळकतं. पोरांना मजा येते, पण वरच्या पाचांनाच. शेवटचं नाव ज्याचं असतं, ते मूल पुढच्या आठवड्यात येत नाही. निकाल पडद्यावर दाखवायचा तर वर्गाचा दाखवा : "इतक्या जणांना हे जड गेलं, चला पुन्हा बघू." एकेकाचा निकाल तुमच्या आणि त्या मुलाच्या मध्ये राहू द्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टाकूच नका.

दुसरी, माहिती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. आपण छोटी अभ्यासिका चालवतो म्हणून निष्काळजी राहायचं नाही. ॲपमध्ये पूर्ण नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, फोटो काहीही नको. हजेरी क्रमांक पुरे. क्रमांक आणि नावांची यादी तुमच्या वहीत. आपल्या समाजाची मुलं कुठल्या तरी यादीत विनाकारण जाऊ नयेत, ही काळजी तुम्हाला मी वेगळी समजावायला नको.

आणि मर्यादा ओळखा. चार पर्यायांत निबंध मावत नाही, प्रयोग मावत नाही, चांगला प्रश्न विचारण्याची सवय तर अजिबात मावत नाही. एखादी मुलगी सलग तीन दिवस चुकीची उत्तरं देते, ते कार्ड सांगेल. तिची अम्मी आजारी आहे आणि घरचा स्वयंपाक तिच्यावर आला आहे, हे कार्ड सांगणार नाही. त्यासाठी तिच्याजवळ बसून विचारावं लागतं. माझ्या अनुभवात कार्डाचा मोठा फायदा हाच झाला की कुणाजवळ बसायचं, ते मला लवकर कळायला लागलं. कधीही हात वर न करणाऱ्या मुलींची उत्तरं पहिल्यांदा दिसू लागली. त्यातल्या काही जणी वर्गातल्या सगळ्यांत हुशार निघाल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्यासाठी काम. एका वर्गासाठी कार्डांचा संच प्रिंट करा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवा म्हणजे वर्षभर टिकेल. एकच विषय घ्या. रोज तीन प्रश्न, शिकवून झाल्यावर पाच मिनिटं. निम्म्याहून जास्त मुलं चुकली, तर दुसऱ्या दिवशी नवा धडा नाही, तोच पुन्हा, पण वेगळ्या पद्धतीनं. महिन्याच्या शेवटी तुम्ही बनवलेले प्रश्न एकमेकांना द्या. मराठीवाल्यांनी उर्दूवाल्यांना, उर्दूवाल्यांनी मराठीवाल्यांना. भाषांतर आपणच करू, त्यात आपली मुलं तरबेज आहेत.

सहामाही अजून लांब आहे. गॅरेजचा आणि "दहावी झाली की बस"चा निर्णय घराघरांत त्यानंतर होतो. त्याच्या आधी आपल्या हातात जे आठवडे आहेत, त्यांत कुणाचं कुठे अडलं ते शोधू आणि सोडवू.

आता प्रश्न विचारा, आणि सुरुवात मागच्या रांगेपासून करू या.