डोळ्यात हर्पिस झाला तर

आज एका डोळ्याच्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे. वरून ते डोळे आल्यासारखंच दिसतं, पण डोळे आल्यावर घालतो ते थेंब त्याला चालत नाहीत. या दुखण्याचं नाव हर्पिस.

हर्पिस म्हटलं की आपल्याला नागीण आठवते. नागिणीचा विषाणू वेगळा, हा वेगळा. तापानंतर ओठाच्या कडेला पाणी भरलेले बारीक फोड येतात ना, ते या विषाणूमुळे. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो, कुणी पापा घेतला त्यातूनसुद्धा. म्हणून डॉक्टरांनी हर्पिस म्हटलं की लाजायचं कारण नाही आणि कुणाच्या वागण्यावर बोट ठेवायचंही कारण नाही. फोड सुकले तरी विषाणू जात नाही, चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी दडून बसतो. ताप, आजारपण असं निमित्त झालं की पुन्हा उठतो आणि कधी ओठाऐवजी डोळ्यात उतरतो.

डोळ्यात तो बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला जखम करतो. बहुधा एकच डोळा लाल होतो, पाणी येतं, खुपतं, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतं. डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही डोळ्यांना येतात, चिकट घाण येते आणि नजर फारशी कमी होत नाही. पण एवढ्यावरून घरी निदान करू नका. उसाचं पातं किंवा भाताचं तूस लागूनही बुबुळाला जखम होते, त्यात बुरशी शिरते आणि तिचं औषध अगदीच वेगळं. डोळ्यांचे डॉक्टर रंगाची छोटी पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात बघतात. हर्पिसची जखम बहुधा झाडाच्या फांदीसारखी फुटलेली दिसते.

आमच्या एका गटातल्या ताईंचा डोळा लाल झाला. त्यांनी दुकानातून थेंब आणून घातले. दोन दिवस लाली उतरली, बरं वाटलं. आठवड्यात दुखणं दुप्पट झालं, समोरचं माणूस धूसर दिसू लागलं. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं लाली दबते, पण अशा ताज्या जखमेत विषाणूला मोकळं रान मिळतं. जखम खोल गेली की बुबुळावर फूल पडतं आणि नजर कायमची अधू होऊ शकते. काही रुग्णांना डॉक्टर स्वतः स्टेरॉइड देतात, पण सोबत विषाणूचं औषध देऊन आणि वरचेवर तपासून. तो निर्णय त्यांचा. आपला नाही, दुकानदाराचाही नाही.

आता औषधाचं. डोळ्यासाठी असायक्लोविरचं ३ टक्क्यांचं मलम मिळतं. काही वेळा गॅनसिक्लोविरची जेल किंवा पोटात घ्यायच्या गोळ्या देतात. त्वचेला लावायचं असायक्लोविर ५ टक्क्यांचं असतं. नाव तेच असलं तरी ते डोळ्यात कधीही घालू नका.

मलम साधारण दिवसातून पाच वेळा, चार-चार तासांनी घालतात. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. चुलीशेजारच्या भिंतीवर खडूनं पाच खुणा करा, घातलं की एकेक पुसा. पाच वेळा कशासाठी? हे औषध विषाणूला मारून टाकत नाही, त्याची वाढ थांबवतं. मधे खंड पडला की तो पुन्हा वाढू लागतो. जखम भरल्यावरही निदान तीन दिवस मलम चालू ठेवतात.

घालण्याआधी हात साबणानं धुवा. खालची पापणी ओढून आतल्या खाचेत सुमारे एक सेंटिमीटर मलम सोडा. नळीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. मग डोळा मिटून घ्या. थोडं चुरचुरेल, काही वेळ धूसर दिसेल, घाबरू नका. धूसर असताना विळा किंवा गाडी हाती घेऊ नका. दुसरे थेंब असतील तर आधी थेंब, पाच-दहा मिनिटांनी मलम. नळी एकीचीच, उघडून महिना झाला की टाकून द्यायची. गरोदर असाल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

एक गोष्ट नीट ऐका. या दुखण्यात बुबुळाची संवेदना कमी होते. म्हणून दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. बरं झालं की नाही ते तपासूनच कळतं.

या औषधामागे एका बाईचं मोठं काम आहे. अमेरिकेतल्या गर्ट्रूड एलियन यांना बाई म्हणून सुरुवातीला प्रयोगशाळेत कुणी नोकरी देईना. पुढे त्यांच्याच गटानं असायक्लोविरवर काम केलं. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

हे दुखणं उलटू शकतं. ज्यांना ते पुन्हा पुन्हा होतं त्यांना डॉक्टर वर्षभर कमी मात्रेत गोळ्या देतात. एका मोठ्या अभ्यासात वर्षभरात गोळ्या न घेणाऱ्या १०० जणांपैकी ३२ जणांना ते उलटलं, घेणाऱ्यांपैकी १९ जणांना. म्हणून एकदा झालेल्या डोळ्याला पुन्हा लाली आली तर त्याच दिवशी निघा आणि जुना कागद सोबत न्या.

कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली तरी डोळा लगेच दाखवा. ओठावर फोड असतील तर तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नका. डोळ्यात मध, एरंडेल, अंगावरचं दूध काही घालू नका.

आपल्यातली बाई म्हणते, "कापणी होऊ दे, मग दाखवते." कापणी चार दिवस थांबेल, बुबुळ थांबत नाही. ग्रामीण रुग्णालयात डोळे कोणत्या वारी तपासतात ते गटानं विचारून वहीत लिहून ठेवावं. एखादीकडे गाडीभाडं नसेल तर गटातून त्याच दिवशी द्यावं, मासिक बैठकीची वाट पाहू नये. नंतर ती परत करेलच.

बरं तर, येते मी. नमस्कार.