रुग्णाचे गुपित आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, वैद्यकीय, परिचर्या व तत्सम शाखांत प्रवेश मिळविलेल्या विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज येथे ज्यांच्या गळ्यात हार पडले त्यांपैकी कोणी डॉक्टर होणार आहे, कोणी परिचारिका, कोणी प्रयोगशाळेत रक्त तपासणार आहे, तर कोणी क्ष-किरण विभागात काम करणार आहे. या मुलामुलींना अभ्यासाविषयी उपदेश करण्याचे मला कारण दिसत नाही. अभ्यास केला म्हणूनच ती येथे बसली आहेत. मला बोलावयाचे आहे ते पदवीबरोबर त्यांच्या माथी येणाऱ्या एका ओझ्याविषयी, आणि ते ओझे त्यांना सुखाने वाहू देणे ज्यांच्या हाती आहे त्या आपणां वडीलधाऱ्या मंडळींविषयी. रुग्णाचे गुपित हे ते ओझे होय.

ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असा पुष्कळांचा समज आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नावाने चालत आलेल्या शपथेत ती आहे, हे खरे; परंतु आपल्या चरकसंहितेत, विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात, गुरूने शिष्याला जो उपदेश केला आहे त्यातही ती तितकीच स्पष्ट आहे. वैद्याने रुग्णाच्या घरी ओळखीच्या माणसाबरोबर व अनुमतीने प्रवेश करावा. आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी व इंद्रिये रुग्णाच्या हिताखेरीज अन्यत्र वळू देऊ नयेत. आणि त्या घरातील वार्ता बाहेर नेऊ नये, असा त्याचा आशय आहे. यांतील शेवटची गोष्ट मला विशेष वाटते. केवळ रोगच नव्हे, तर घरातील वार्ता! आजाऱ्याच्या उशाशी वावरणाऱ्याला रोगाबरोबर आणखी कितीतरी दिसते. भेटीच्या वेळी कोणता मुलगा येतो आणि कोणता येत नाही, औषधाची चिठ्ठी हाती पडल्यावर कोणाचा चेहरा उतरतो, रात्री ग्लानीत म्हातारा कोणाचे नाव घेतो, हे सारे वॉर्डातल्या आयेपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सर्वांना कळत असते. चरकाच्या दृष्टीने तेही गुपितच होय.

आधुनिक काळातील नियम मी थोडक्यात सांगतो. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९४८ साली जिनीव्हा येथे स्वीकारलेल्या प्रतिज्ञेत रुग्णाचे गुपित राखण्याचे वचन आहे. १९६८ साली तीत भर घालून ते वचन रुग्णाच्या मृत्यूनंतरही बंधनकारक करण्यात आले. आपल्याकडे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर हेच बंधन घातले असून त्याला मोजके अपवाद ठेवले आहेत : न्यायाधीशांचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला अथवा समाजाला असलेला गंभीर व निश्चित धोका, आणि सरकारला कळविणे आवश्यक असलेला रोग. क्षयरोग २०१२ पासून असा कळविण्याचा रोग आहे. परंतु कळवावयाचे ते आरोग्य खात्याला, शेजारच्या बिऱ्हाडाला नव्हे. मनोरुग्णांविषयी आणि एचआयव्हीबाधितांविषयी २०१७ चे स्वतंत्र कायदे आहेत, गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव उघड करणे हा २०२१ च्या दुरुस्तीनुसार दंडनीय अपराध आहे, आणि खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला आहे. कायद्याची बाजू अशी भक्कम आहे.

मग गुपित फुटते कोठे? माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे ते न्यायालयात फुटत नाही, सरकारी कचेरीत तर क्वचितच फुटते. ते फुटते लग्नाच्या मांडवात. जेवणाची पंगत उठलेली असते, पानसुपारी चाललेली असते, आणि कोणी मावशी नुकत्याच नोकरीस लागलेल्या भाचीला जवळ बसवून घेऊन म्हणते, "अगं, तू त्याच इस्पितळात आहेस ना? अमक्यांच्या धाकटीला गेल्या महिन्यात आठ दिवस तिथं ठेवलं होतं म्हणे. काय झालं होतं गं तिला? आपल्यातच सांग हो, बाहेर कुठं जायचं नाही."

मावशीच्या मनात वाईट काही नसते. कदाचित तिच्या दिराच्या मुलासाठी ते स्थळ सांगून आलेले असते. परंतु त्या बावीस वर्षांच्या मुलीची अवस्था काय होत असेल याचा विचार करा. न सांगावे तर ती शिष्ट ठरते, 'चार बुकं शिकली आणि माणसं विसरली' असे ऐकावे लागते. सांगावे तर नोकरीची नीती मोडते. आणि ती नुसती गप्प बसली तरी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला जातोच! म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की, साध्या सर्दीखोकल्याविषयी विचारले तरी उत्तर एकच द्यावे : "तिथल्या कोणाविषयीच मी बोलत नाही." किरकोळ आजार सांगावयाचा व मोठ्या आजारावर मौन धरावयाचे, असे केले तर ते मौनच बोलू लागते.

येथे कोणी म्हणेल, आणि म्हणणे रास्त आहे, की मुलीच्या आयुष्याचा प्रश्न असता मुलाचा आजार लपविणे ही फसवणूक नव्हे काय? या प्रश्नाचा निवाडा आपल्या देशात झालेला आहे. 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात रक्त देण्यास गेलेल्या एका गृहस्थाला एचआयव्हीची बाधा असल्याचे आढळले. ती वार्ता रुग्णालयातून बाहेर गेली, ठरलेला विवाह मोडला आणि त्याच्या समाजाने त्याला वाळीत टाकल्यासारखे केले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा भरपाईचा दावा अमान्य केला. जिच्याशी विवाह व्हावयाचा होता तिचे प्राण त्याच्या गुप्ततेहून मोलाचे, असे न्यायालयाचे मत पडले. बाधित व्यक्तीच्या विवाहाच्या हक्काविषयी त्या निकालात जी विधाने आली होती, ती अनावश्यक होती असे २००२ साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले.

मला या खटल्यातील एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवावयाची आहे. त्या एका स्त्रीला सत्य कळणे आवश्यक होते. साऱ्या समाजाला कळणे मात्र कोणत्याही न्यायाने आवश्यक नव्हते. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने आता रीत घालून दिली आहे. डॉक्टराने अथवा समुपदेशकाने आधी त्या व्यक्तीलाच आपल्या जोडीदाराला सांगण्यास प्रवृत्त करावे. ती सांगणार नाही आणि जोडीदाराला खरोखरीच धोका आहे असे दिसल्यास, तिला तशी पूर्वकल्पना देऊन, जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून, धीर देऊन सांगावे. या रीतीत मावशी नाही, आत्या नाही, आणि क्षमा असावी, आपल्या वधूवर सूचक समितीचे चिटणीसही नाहीत. दोन्ही घरांनी संमतीने आपापल्या तपासण्या करून कागद समोरासमोर ठेवावेत, यात मला काहीच गैर दिसत नाही. थॅलसेमियाची तपासणी तर अवश्य करावी. मात्र त्या रोगाचा नुसता वाहक असलेला मनुष्य रोगी नसतो. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक अपत्यास मोठा आजार होण्याची शक्यता चारांत एक एवढी असते. हा भेद डॉक्टर समजावून सांगतो. मांडवातील कुजबुजीत मात्र 'त्यांच्या घरात रक्ताचा रोग आहे' एवढेच उरते.

कुजबुजीचे भय रुग्णाच्या जिवावर कसे बेतते तेही पाहू. एका तरुण विवाहितेला अपस्माराचा विकार आहे अशी कल्पना करा. माहेरी असताना तिला व्हॅल्प्रोएट नावाचे औषध चालू होते. ते गर्भाला अपाय करू शकते, म्हणून दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून औषधाची फेरयोजना करावी लागते. आणि औषध एकाएकी सोडून दिले तर झटके येऊन तिचाच जीव धोक्यात येतो. आता ही मुलगी सासूबरोबर तपासणीला येते आणि केसपेपर लिहिणारी परिचारिका नेमकी नणंदेच्या नात्यातली निघते. "पूर्वीचा काही आजार?" या प्रश्नाला ती "नाही" म्हणेल. ते 'नाही' केसपेपरवर चढेल आणि पुढील सर्व उपचार त्या खोट्या पायावर होतील. भूल देणाऱ्या डॉक्टरापासून चालू औषधे लपविणारे रुग्णही बहुधा अशाच भयाने लपवितात. गुप्तता ही शिष्टाचाराची बाब असून सुरक्षितता ही निराळी बाब, असे पाठ्यपुस्तकांतील प्रकरणांवरून वाटते. वॉर्डात त्या दोन्हींची गाठ अशी पडते. म्हणून रुग्णाशी, विशेषतः स्त्रीशी, दोन मिनिटे तरी नातेवाइकांना बाहेर बसवून बोलावे, आणि सासूबाईंनी त्याचा राग मानू नये.

विद्यार्थ्यांसाठी थोडे अधिक बोलतो. १८४७ साली व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टराच्या ध्यानात आले की, वैद्यकीय विद्यार्थी ज्या प्रसूतिकक्षात शिकत तेथे सुईणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक बाळंतिणी ज्वराने दगावत. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणी तपासावयास जात. क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती होताच मृत्यू झपाट्याने घटले. त्या कक्षात घालू नका म्हणून स्त्रिया विनवण्या करीत, असे त्याने नमूद केले आहे. विद्वानांच्या आधी रोगी बायकांना धोका कळला होता! शिकाऊ माणसाच्या हातून अपाय होऊ शकतो, हे रुग्ण जाणतो आणि तरीही आपले शरीर तुमच्या हाती देतो. मोफत उपचार घेणारा गरीब मनुष्यही तपासण्यापूर्वी परवानगी विचारली जाण्यास तितकाच पात्र आहे. त्याने नको म्हटले तर पडदा ओढून निमूटपणे पुढे जावे. त्याला 'बारा नंबर' म्हणू नये, आणि औषध देताना मात्र नुसत्या खाटेच्या क्रमांकावर विसंबू नये. नाव विचारावे, केसपेपरशी ताडून पाहावे. लिफ्टमध्ये व उपाहारगृहात रुग्णांची चर्चा नको, कारण पाठीमागे उभा असलेला मनुष्य त्याचा भाऊ असू शकतो. भ्रमणध्वनीवर जखमेचे छायाचित्र घेऊन मित्रांच्या व्हॉट्सॲप समूहात धाडणे तर सर्वथा वर्ज्य. नाव झाकले तरी हातावरचे गोंदण गावाला ओळखू येते.

तुमच्या स्वतःच्या सुरक्षिततेची जबाबदारीही तुमचीच आहे. हिपॅटायटीस 'बी'ची लस पूर्ण करून घ्या. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण चढवू नका. ती पांढऱ्या, न भेदणाऱ्या पेटीतच टाकावी असा २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या नियमांचा दंडक आहे. सुई टोचलीच तर साबणपाण्याने धुऊन तत्काळ वरिष्ठांना कळवा, कारण एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध जितक्या लवकर, आणि फार तर बहात्तर तासांच्या आत, सुरू व्हावे लागते. पुष्कळ मुले हे लपवितात. बोलणी बसतील ही एक भीती. दुसरी अशी की, आपली रक्ततपासणी झाल्याचे वसतिगृहभर होईल. तेव्हा रुग्णालयातील ज्येष्ठ मंडळींनी या मुलांचे गुपितही रुग्णाच्या गुपिताइतकेच जपले पाहिजे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या मंडळाविषयी आहे. आपला वैद्यकीय साहाय्य निधी हे आपले भूषण आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु स्मरणिकेच्या अहवालात साहाय्य घेणाऱ्याचे नाव, गाव, आजार व रक्कम एका ओळीत छापण्याची आपली पद्धत आहे. देणगीदारांना हिशेब मिळावा हा त्यामागील हेतू निर्मळ आहे. पण त्याच स्मरणिकेची पुढली पाने विवाहेच्छूंच्या परिचयाची असतात, हे आपण विसरतो. साहाय्याची गरज असून केवळ त्या यादीच्या धास्तीने अर्ज न करणारी कुटुंबे मला ठाऊक आहेत; त्यांपैकी एका घरात मुलीच्या मानसिक आजाराचे उपचार पैशांअभावी अर्धवट राहिले. माझी सूचना अशी की, यापुढे अहवालात केवळ प्रकरणाचा क्रमांक व रक्कम छापावी, नावे व कागदपत्रे दोन विश्वस्त आणि हिशेबतपासनीस यांनीच पाहावीत, आणि ज्या घरच्या माणसाचा अर्ज असेल त्या विश्वस्ताने त्या बैठकीत बसू नये. समूहावर मदतीचे आवाहन करावयाचे झाल्यास रुग्णाची लेखी संमती घ्यावी, आणि त्याचे छायाचित्र घालू नये. अर्जाच्या नव्या नमुन्याचा कच्चा मसुदा मी चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे. कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत त्याचा विचार व्हावा, अशी अध्यक्षमहाराजांना विनंती आहे.