संध्याकाळी बसायचे कुठे?



गुरे गोठ्यात बांधली, हातपाय धुतले, की कष्टकऱ्याच्या मनात एक साधा प्रश्न येतो : आता बसायचे कुठे? या प्रश्नाचे उत्तर गावाने दिले नाही, तर गुत्ता देतो. तिथे बसायला फळी असते, बोलायला सोबती असतो, आणि ‘का आलास?’ म्हणून कोणी विचारीत नाही. पुष्कळ जण पहिल्या दिवशी तिथे जातात ते सोबतीसाठीच. दारू मागाहून येते आणि घर धुऊन नेते.

आपल्या महाराष्ट्रात कित्येक गावांतल्या बायांनी मतदानात ‘आडवी बाटली’ निवडून आणून दुकाने बंद पाडली. काम मोठ्या धैर्याचे खरे. पण दुकानाला कुलूप लागले, तरी संध्याकाळ काही टळत नाही. ती रोज येतेच.

या बाबतीत केरळातल्या एका गावाची हकीगत ऐकण्यासारखी आहे. त्रिशूर जिल्ह्यात, रानाच्या कडेला, मरोट्टिचाल नावाचे गाव आहे. १९६० ते १९८० च्या दरम्यान चोरून गाळलेल्या दारूने आणि जुगाराने हे गाव पोखरले होते. काही गावकऱ्यांनी अबकारी खात्याला बोलावून धाडी घालवल्या. याच गावच्या उन्नीकृष्णन यांनी तरुणपणी शेजारच्या गावी बुद्धिबळ शिकून घेतले होते. परत आल्यावर त्यांनी चहाचे दुकान काढले आणि येईल त्याला पट मांडून खेळ शिकवायला सुरुवात केली. एकाने दुसऱ्याला शिकवले. हळूहळू दारू ओसरली, जुगार ओसरला. आज ते ‘बुद्धिबळाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. धाडीने गुत्त्याचे दार लागले. चहाच्या दुकानाने दुसरे दार उघडले. दोन्ही लागतात.

‘दारू सोड’ म्हटले की माणूस उठून जातो. ‘ये, डाव मांडलाय’ म्हटले की बसतो. शिवाय प्यालेल्याला घोड्याची अडीच घरे धड मोजता येत नाहीत, आणि डाव रंगला की प्यायची वेळ कधी टळली ते कळतही नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. आठवड्याचा एक वार ठरवा. जागा अशी निवडा, की तिथे येताना कोणालाही बिचकावे लागू नये. शाळेची पडवी सर्वांत बरी. दोन-चार पट पुरेत. वाघबकरीचा पट तर खडूने फरशीवर आखता येतो. बकऱ्या म्हणून चिंचोके चालतात. पैसे लावून खेळायचे नाही. पिऊन आलेल्याला हाकलू नका. ‘आज चहा घे, उद्या शुद्धीवर ये, तुझी जागा राखून ठेवतो,’ असे सांगा. आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून लावा. चिठ्ठीला जात नसते, वाडा-वस्ती नसते. सरपंचांसमोर सालगडी बसू द्या.

बायांना वगळू नका. वेळ त्यांनाच विचारून ठरवा. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या, तेव्हा केवढा गहजब झाला होता! आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. कुणी दृष्टिहीन असेल, तर सुतारदादाकडून निराळा पट करून घ्या : काळी घरे जरा उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगटीला खुंटी, आणि काळ्या सोंगटीच्या डोक्यावर एक खूण. बोटांनी चाचपून तोही तुमच्या वजिराला कोंडीत पकडील!

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दारूवाचून ज्याचे हातपाय कापतात, त्याला नुसता पट पुरणार नाही. त्याची दारू एकाएकी तोडली, तर जिवावर बेतू शकते. त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. पण दवाखान्यातून तो घरी परतेल, तेव्हा त्याच्याही पुढे तोच प्रश्न उभा राहील : आता बसायचे कुठे? जुने सोबती गुत्त्यावर वाट पाहत असतील. त्या संध्याकाळी शाळेच्या पडवीत दिवा असला पाहिजे, आणि पटासमोरची एक जागा रिकामी असली पाहिजे.

पहिल्या आठवड्याला चारच माणसे येतील. येऊ द्या. डाव दोघांचाच असतो. चौघांत दोन डाव होतात.