नगरपरिषद कोण चालवते?

(विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



नगरपालिका हा काय व्याख्यानाचा विषय आहे, असे काही कार्यकर्त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, महाडच्या सत्याग्रहामागे एका नगरपालिकेचाच ठराव होता. 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केले. पण कागदावरच. तीन वर्षे आपल्या माणसांना त्या तळ्याचे ओंजळभर पाणी मिळाले नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि पाणी प्याले. पुढे काय झाले? त्याच नगरपालिकेने ऑगस्ट 1927 मध्ये आपला ठराव रद्द केला! मग कोर्टकचेरी सुरू झाली आणि हायकोर्टाचा आपल्या बाजूचा निकाल मिळायला 1937 साल उजाडले. ठराव करणारे कोण, अमलात आणणारे कोण आणि मोडणारे कोण, हे माहीत असलेच पाहिजे, ते यासाठी.

आता आपल्याकडची रचना पाहू. महाराष्ट्रातील नगरपरिषदा 1965 च्या अधिनियमाने चालतात. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून त्यांना घटनेचा आधार मिळाला. लोकांनी निवडलेले ते नगरसेवक. नगराध्यक्ष सभेचे अध्यक्षस्थान भूषवितात. पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्या असतात, वर स्थायी समिती. स्वीकृत सदस्यही सभेत बसतात, पण त्यांना मत देता येत नाही.

मुख्याधिकारी मात्र निवडून येत नाहीत. त्यांना शासन नेमते. अंदाजपत्रक तयार करणे, कर्मचाऱ्यांकडून काम करून घेणे, ठरावाची अंमलबजावणी करणे, हे सारे त्यांच्याकडे. शिवाय जिल्हाधिकारी कलम 308 खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. हे ठाऊक नसल्यामुळे आपली किती फसगत होते! एका गावातल्या आपल्या वस्तीत गटाराचे काम दोन वर्षे रखडले होते. लोक नगरसेवकाला शिव्या देत, नगरसेवक मुख्याधिकाऱ्यांकडे बोट दाखवी. शेवटी दोन मुलांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तेव्हा कळले, काम ठरावातच नव्हते. सभेत चर्चा झाली होती, पण इतिवृत्तात ओळ नव्हती. ओळच नाही तर मुख्याधिकारी अंमल कशाचा करणार?

निवडणुकीचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे असते. अनुसूचित जातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, महिलांच्या जागा 2011 पासून निम्म्या. कोणता प्रभाग राखीव, हे सोडतीने ठरते. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडायचा की नगरसेवकांनी, यात सरकारे बदलली तसा कायदा बदलला. 2016 ला थेट, 2020 ला नगरसेवकांतून, 2022 ला पुन्हा थेट. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत नगरपरिषदेच्या मतदाराला बहुतेक प्रभागांत तीन मते द्यायची होती, दोन नगरसेवकांना आणि एक नगराध्यक्षाला. आपल्या कितीतरी माताभगिनींना हे मतदान केंद्रावर गेल्यावरच कळले, ही आपल्या कार्यकर्त्यांची कसूर. (मी स्वतःही त्यात आलो.)

ती निवडणूकही किती उशिरा झाली पाहा. मुदत पाच वर्षांची, असे घटना सांगते. पण अनेक नगरपरिषदांची मुदत 2021-22 च्या सुमारास संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा कुठे गाडी हलली. या काळात वस्तीच्या निधीबद्दल सभागृहात जाब विचारणारा आपला एकही निवडून दिलेला माणूस नव्हता. आपल्यापैकी किती जणांनी त्याबद्दल एक साधे निवेदन दिले?

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले होते की, बौद्ध भिक्खूसंघाला सभेचे नियम माहीत होते. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, सारे काही. संघात मतासाठी शलाका वाटत आणि त्या गोळा करायला वेगळा भिक्खू नेमत. म्हणजे आपल्या भाषेत मतदान अधिकारीच म्हणा ना! हा वारसा सांगणाऱ्या आपल्या मंडळाच्या सभांचे इतिवृत्त वेळेवर लिहिले जाते का, हे चिटणीसांनी रागावू नये, पण मला विचारावेसे वाटते.

विद्यार्थ्यांना माझे एकच काम आहे. प्रभागनिहाय मतदारयादी विधानसभेच्या यादीवरून फोडतात. म्हणून विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर ऐनवेळी काही होत नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात यादी वाचायला बसू. वस्तीतले कोण सुटले, कोणाचे नाव भलत्याच प्रभागात गेले, ते वहीत उतरवू. येताना घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांची नावे लिहून आणा.

जयभीम!