पासपोर्टाएवढा खिसा

आज आम्ही शिवण मंडळातल्या सहाजणी स्टुडिओत आलो आहोत आणि माइक आहे एकच. म्हणून एकीनं बोलायचं आणि बाकीच्यांनी मधे मधे आठवण करून द्यायची, असं ठरलंय. कुजबुज ऐकू आली तर रेडिओ बिघडला असं समजू नका.

विषय खिशाचा आहे. आणि खिसा घेऊन एकटीनं परदेशी गेलेल्या आमच्यातल्या एका बाईचा. तिनं नाव सांगायचं नाही असं बजावलंय, म्हणून आम्ही तिला नुसतं आक्का म्हणू.

आधी खिशाचं बघू. तीन वर्षांच्या पोराच्या सदऱ्याला खिसा असतो. त्यात ठेवायला त्याच्याकडे काय असतं? दोन गोट्या आणि अर्धी खाल्लेली गोळी. पण घरचा सगळा बाजार करणाऱ्या त्याच्या आईच्या अंगावर एक खिसा नसतो. आपल्या आज्यांनी यावर तोडगे काढले होते. कनवटीला पैसे लावायच्या, ओच्यात शेंगा घ्यायच्या, कमरेला चंची असायची, पदराच्या टोकाला गाठ. आपण काय करतो? ब्लाउजमध्ये पाकीट. घामानं नोटा ओल्या होतात, आणि एसटीत कंडक्टरसमोर पैसे काढायचे तर पाठमोरं व्हावं लागतं.

विलायतेतल्या बायकांचंही पूर्वी असंच होतं. दोनेकशे वर्षांपूर्वी तिथं बायका कापडाची पिशवी नाडीनं कमरेला बांधायच्या, वरून घागरा, आणि घागऱ्याला हात जाईल एवढी चीर. त्या पिशवीलाच खिसा म्हणायचे.

आता आक्का. आक्का साठीची आहे. उपकेंद्रात नर्स होती, आता पेन्शनवर आहे. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्याकडे पायडलचं जुनं मशीन आहे आणि शिवणाची हौस आहे. हौस म्हणजे निव्वळ हौस. शिलाईचे पैसे ती कुणाकडून घेत नाही, त्यामुळं आमच्यातल्या ज्यांचं घर शिलाईवर चालतं त्यांचा तिच्यावर राग आहे, आणि तो राग बरोबर आहे हे आम्ही तिला तोंडावर सांगितलंय. फुकट शिवून दिलं की शेजारीण म्हणते, मग तू कसे दीडशे घेतेस?

पण एक आहे. पैशासाठी शिवणारी बाई गिऱ्हाइकाला पाहिजे ते शिवते. आक्का स्वतःला पाहिजे ते शिवते. तिनं पहिल्यांदा परकराला आतून खिसा लावला तेव्हा आम्ही हसलो होतो. आता आमच्यापैकी एकीच्याही परकराला खिसा नाही असं नाही.

तो खिसा घेऊन ती आधी नेपाळला गेली. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तरी मतदान ओळखपत्र चालतं. घरात तिनं देवदर्शनाला जाते म्हणून सांगितलं. पशुपतिनाथाला गेलीच ती, खोटं नाही. पण तिथून आल्यावर देवळाचं कमी आणि बायकांच्या लुगड्यांचंच जास्त सांगत होती. काठमांडूच्या खोऱ्यात नेवार शेतकरी बायका काळं लुगडं नेसतात, लाल काठाचं. हाकू पटासी म्हणतात त्याला. आपली चंद्रकळाच आठवते. आणि नेपाळी बायका कमरेला लांबलचक कापडाचा पट्टा गुंडाळतात, तो पटुका. त्याच्या घडीत पैसे, किल्ली, बारीकसारीक सगळं राहतं. म्हणजे तिथल्या बाईनंही खिसा शोधून काढलाच होता.

त्यानंतर दोन वर्षांनी आक्काचं पोस्टातलं पाच वर्षांचं आरडी संपलं आणि ती म्हणाली, मी व्हिएतनामला चालले. एकटी.

घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मुलगा म्हणाला, त्या पैशात बोअर झाली असती. हे काही खोटं नव्हतं. विहिरीनं फेब्रुवारीतच तळ गाठला होता. जाऊ म्हणाली, या वयात एकटी कशाला, लोक काय म्हणतील. आणि आम्ही? आमच्यातल्या निम्म्याजणी मुलाच्या बाजूच्या होत्या. दोघी अजूनही आहेत, त्यातली एक आत्ता इथं शेजारी बसलीय आणि मान हलवतेय. तिचं म्हणणं, पेन्शन असलेल्या बाईची हौस रेडिओवर सांगून बाकीच्यांनी काय करायचं? त्यावर आक्काचं उत्तर एवढंच होतं, की चौतीस वर्षं पगार घरात दिला, हे आरडी मी माझ्या नावानं भरलं होतं आणि कशासाठी भरतेय ते पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

यात कोण बरोबर ते आम्ही ठरवणार नाही. मुलगा तिला विमानतळावर सोडायला गेला नाही, हे मात्र खरं. भाचा गेला.

आता कागदपत्रांचं, कारण या बाबतीत बायकांना उगाच घाबरवतात. पासपोर्ट काढायला नवऱ्याची सही किंवा परवानगी लागत नाही. सज्ञान बाई स्वतःचा अर्ज स्वतः करते. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी दीड हजार रुपये, आणि तो दहा वर्षं चालतो. पुष्कळ ठिकाणी आता मोठ्या पोस्टातच पासपोर्टचं केंद्र असतं. खरी अडचण नावाची येते. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत तिसरंच. ते आधी जुळवून घ्या, मग अर्ज करा. दहावी झाली नसेल तर पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो. तो ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, फिरायला जाणारीला त्याचा अडसर नाही, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागत नाही. व्हिएतनामचा व्हिसा इंटरनेटवर मिळतो, फी पंचवीस डॉलर. पण त्यांच्या सरकारच्याच साइटवर भरायचा. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट जास्त पैसे उकळतात.

कागद झाले, मग आक्का मशीनवर बसली. साडी नेसून ती आयुष्यभर सायकलवर फिरली, त्यामुळं साडीची तिला अडचण नव्हती. पण धुणं-वाळवणं आलं, आणि विमानात हातातलं सामान बहुतेक ठिकाणी सातच किलो चालतं. म्हणून तीन कुर्ते, दोन सलवारी, एक परकर आणि एकच साडी. परदेशी जाताना अंगावर काय घालायचं हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय अमेरिकेला गेल्या, तेव्हा नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी तिथं गुजराती पद्धतीनं साडी नेसायला घेतली होती. आक्काला थंडीचं भय नव्हतं, दक्षिण व्हिएतनाम आपल्या कोकणासारखं दमट आहे. म्हणून कापड सगळं सुती.

आता वही घ्या, माप सांगतो.

पासपोर्ट उभा पाच इंच आणि रुंद साडेतीन इंच असतो. परकराचा आतला खिसा शिवून झाल्यावर उंचीला सहा आणि रुंदीला पाच इंच असला पाहिजे, म्हणजे पासपोर्ट आत जाऊन थोडी नोटांची जागा राहते. त्यासाठी कापड साडेसात बाय सहा इंच कापायचं. वर एक इंच दुमड, बाकी तिन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. नेफ्यापासून चार बोटं खाली, उजव्या मांडीच्या पुढच्या अंगाला लावायचा. मागे लावला तर बसताना पासपोर्ट दुमडतो. तळाला दुहेरी टीप. वर चेन लावा, पण प्लॅस्टिकची. विमानतळाच्या तपासणीत धातूची चेन वाजली तर उगाच खोळंबा. आणि पासपोर्ट आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग खिशात. घाम सगळीकडे सारखाच येतो.

हा झाला चोरखिसा. चोरखिसा गर्दीत उघडायचा नसतो. रोजच्या पैशांसाठी कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत वेगळा खिसा पाहिजे. त्याचं कटिंग सोपं आहे. कागदावर स्वतःचा हात ठेवा, बोटं जरा फाकवा, भोवती दीड इंच सोडून रेघ मारा. तेच तुमच्या खिशाचं माप. तोंड सहा इंच ठेवा, नाहीतर हातातल्या बांगड्या अडकतात. आक्कानं या खिशाला आतून मधोमध एक उभी टीप मारून दोन कप्पे केले होते. त्याचं कारण व्हिएतनामच्या नोटा. तिथलं चलन डोंग, आणि वीस हजाराची नोट नि पाच लाखाची नोट, दोन्ही निळ्याच. घाईत एकीच्या जागी दुसरी गेली तर संपलंच. म्हणून एका कप्प्यात छोट्या, दुसऱ्यात मोठ्या. आणि कात्री नेणार असाल तर मोठ्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत चालत नाही.

तिथं ती नऊ दिवस राहिली. मुंबईहून थेट विमानानं हो ची मिन्ह शहर, म्हणजे जुनं सायगॉन. पहिले दोन दिवस रस्ता ओलांडायलाच घाबरली, कारण मोटारसायकलींचा पूर थांबतच नाही. मग एका भाजीवालीच्या मागून चालायला शिकली, सावकाश, एका चालीनं, मधे न थांबता. गाड्या आपसूक बाजूनं जातात. फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहू नका, मोटारसायकलवरून हिसकावतात, असं तिला राहायच्या ठिकाणी सांगितलं होतं. तिच्या फोनला खिसा होताच.

खाण्याची काळजी होती, कारण आक्का माळकरी. पण तिथं शाकाहाराला चाय म्हणतात. चाय! ती प्रत्येक दुकानात चाय चाय म्हणायची आणि समोर भात, भाजी, टोफू यायचं. चहा मात्र मागून मिळेना. तिथल्या पुष्कळ बौद्ध घरांत चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमच्छी खात नाहीत, आपल्या एकादशीसारखंच.

शहरात तिनं दोन जागा पाहिल्या. एक चो-लनमधली कापडाची पेठ. दुसरं दक्षिणेकडच्या स्त्रियांचं संग्रहालय. लढाईत राबलेल्या बायकांच्या वस्तू आणि जुने पोशाख तिथं मांडलेत. व्हिएतनामचा प्रसिद्ध पोशाख म्हणजे आव याय, लांब अंगरखा, कमरेपासून दोन्ही बाजूंना चिरलेला, खाली विजार. फोटोत तोच दिसतो. पण आक्काचा जीव अडकला तो दुसऱ्याच कपड्यात, आव बा बा. मेकाँग नदीच्या मुखाकडच्या भातशेतीतल्या बायकांचा हा रोजचा सदरा. कॉलर नाही, पुढं बटणं, लांब बाह्या, कमरेजवळ दोन्हीकडे छोटी चीर. आणि पुढं खाली, दोन्ही बाजूंना एकेक भलामोठा खिसा.

शेतात राबणाऱ्या बाईच्या सदऱ्याला दोन खिसे! आक्का म्हणते, तिथंच माझं तिकीट वसूल झालं.

मग ती बसनं कन थो या गावी गेली. तिथं पहाटे काय रांगचा तरंगता बाजार भरतो. होड्यांतूनच विक्री. ज्या होडीत जे विकायचं ते बांबूला वर टांगतात, कांदा असेल तर कांदा, अननस असेल तर अननस, म्हणजे लांबून कळतं. होडी वल्हवणारी एक बाई आव बा बा घालून होती. एका खिशातून सुटे काढायची, दुसऱ्यात नोटा टाकायची, हात मोकळे. भाषा कुणालाच येत नव्हती. आक्कानं तिच्या खिशाकडे बोट दाखवलं, मग आपल्या कुर्त्याचा खिसा बाहेर काढून दाखवला. ती बाई जोरात हसली आणि तिनं आक्काच्या खिशातली मधली टीप बोटानं चाचपून बघितली. शिवणारी बाई असणार ती, दुसरी कुणी टीप बघत नाही. काम अन, म्हणजे धन्यवाद, हा एकच शब्द आक्काला येत होता, तो तिनं तीनदा म्हटला.

रात्रीचं काय, भीती वाटली का, हे आम्ही खोदून खोदून विचारलं. पहिल्या रात्री वाटली, दाराला खुर्ची लावून झोपले, म्हणाली. दुसऱ्या रात्री खुर्ची लावायचं विसरले.

आल्यावर मुलगा दोन महिने नीट बोलला नाही. आता बोलतो, पण बोअरचा विषय निघाला की घर गप्प होतं. त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

आव बा बाचं कागदी कटिंग मात्र तयार आहे. अडतीस छातीला, चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं कापड सव्वादोन मीटर पुरतं. पुढचे दोन भाग, मागचा एक, बाह्या दोन, खिसे दोन. पाठीला जोड नाही. कांदा लावणीला आणि द्राक्षाच्या छाटणीला जाणाऱ्या बायकांना साडीवरून घालायला आम्ही तो जरा सैल केलाय. सध्या साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, त्याला छातीवर एकच खिसा, वाकलं की सगळं खाली पडतं. पहिले चार सदरे शिवून झालेत. आता छाटणीवाल्या म्हणतात, उजव्या खिशाच्या आत मोबाइलसाठी आणखी एक कप्पा पाहिजे, आणि आक्का म्हणते, मूळ सदऱ्याचा घाट बिघडेल. यावर गेला आठवडाभर वाद चाललाय.

गुरुवारी दुपारी दोनला समाजमंदिरात या. स्वतःचं कापड आणा, धुऊन आणा, नाहीतर नंतर आटतं. ज्यांना शिवून पाहिजे त्यांनी शिलाईचे पैसेही आणा. फुकट कुणी शिवणार नाही, आक्कासुद्धा नाही, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.